रात्री इथं कोण झोपतं?

दसरा उलटला की वडवणीच्या रस्त्याला ट्रक लागू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्यांची डालगी आणि लहानगी लेकरं वर चढवून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. गाडीवाल्यांचे बैलही सोबत जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि कुत्री. आमच्या शेजारची काळी दरवर्षी ट्रकमागे फाट्यापर्यंत धावते आणि दिवेलागणीला धापा टाकत परत येते. मग पुढचे पाच-सहा महिने त्या घरात शेजारच्या आजी आणि काळी, दोघीच.

या काळीचंच पिल्लू म्हणजे आमचा वाघ्या. गेल्या हिवाळ्यात पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्हाला महिनाभर पुण्याला जाणं भाग होतं. नातीला दमा, त्यामुळे वाघ्याला मुलाच्या घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. गावातले काहीजण म्हणाले, "द्या सोडून, कुत्रंच ते, कुठंही जगेल." भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये! तेव्हा खरा धाक असायचा तो आपल्याच मनाचा.

"पुण्यात कुत्र्यांची पाळणाघरं आहेत, बाबा," मुलगा म्हणाला. मला हसूच आलं. तरीही तपासण्यांसाठी गेलो असताना दोन ठिकाणं पाहून आलो.

पहिलं ठिकाण चकचकीत होतं. भिंतीवर गुबगुबीत कुत्र्यांची छायाचित्रं, बसायला सोफा. मात्र मागची बाजू दाखवा म्हटल्यावर "जनावरं बिथरतात" असं उत्तर मिळालं. वाघ्याच्या लसीकरणाचं कार्ड मी खिशातून काढलं, तर "राहू द्या" म्हणाले. मी तिथून उठलो. ज्याने माझ्याकडे कार्ड मागितलं नाही, त्याने इतरांकडे तरी कशाला मागितलं असेल? रेबीजची वार्षिक लस, डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, गोचिडांवरचं औषध, यातलं एक जरी एका कुत्र्याचं चुकलं तरी भोगावं सगळ्यांना लागतं. दाटीवाटीने कोंडलेल्या कुत्र्यांत खोकल्याची साथही झपाट्याने पसरते.

दुसरं ठिकाण शहराबाहेर, पत्र्याच्या शेडचं. वास होता, पण फिनेलने दडपलेला नव्हता. पाण्याची भांडी भरलेली होती, लघवी वाहून जायला उतार होता. तिथल्या बाईंनी मलाच प्रश्न विचारले. भाकरी खातो की भात? फटाक्यांना भितो का? आजारी पडला तर कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा? "आधी एक रात्र ठेवून बघा. जेवला तरच महिन्याचं बोलू. आणि तुमच्या अंगावरचं एखादं जुनं धोतर द्या, वासाने शांत राहील," असंही त्या म्हणाल्या.

मी एकच विचारलं, "रात्री इथं कोण झोपतं?"

हा प्रश्न मला चारा छावणीने शिकवला. २०१९च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो छावण्या होत्या. शासन मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ९० आणि मग १०० रुपये देत होतं. चारा-पाण्याची सोय छावणीची, तरी माझा थोरला भाऊ चार महिने गाईशेजारी बाजेवर झोपला. "चारा सरकारचा, पण रात्री गाय हंबरली तर तिला मपलाच आवाज लागतो," तो म्हणायचा.

बाई म्हणाल्या, "राखणदार असतो, फाटकाजवळच्या खोलीत." उत्तर प्रामाणिक होतं. पण फाटक शेडपासून बरंच लांब होतं.

परत आल्यावर मी शेजारच्या आजींकडे गेलो. वाघ्या त्यांच्याच ओट्यावर जन्मला होता. पुण्याला जे पैसे दिले असते ते त्यांच्यापुढे ठेवले, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून ठेवलं, दुकानात पिठाचे पैसे भरले. आजी बराच वेळ नोटांकडे बघत राहिल्या.

"कुत्र्यासाठी किती ठिकाणं हिंडलात, मास्तर?"

"दोन."

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पोरगं ट्रकात बसताना मला म्हणलं, काळीकडं ध्यान दे. काळीला काय म्हणलं ते ऐकाया नाही आलं."

मला उत्तर सुचलं नाही. महिनाभर पुण्याहून मी रोज संध्याकाळी फोन केला. पहिले दोन दिवस वाघ्याची चौकशी आधी केली. तिसऱ्या दिवसापासून, "आजी, जेवलात का?" हे आधी विचारू लागलो.