गरम पाण्याखालची सावली

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘आयएनएस खुकरी’ दीवजवळच्या समुद्रात बुडाली. पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीचा पाणतीर लागला आणि काही मिनिटांत सगळं आटोपलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण खुकरी ही पाणबुड्या हुडकण्यासाठीच बांधलेली ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट होती, हे फारसं बोललं जात नाही. हँगोरला खुकरी ऐकू येत होती. खुकरीला हँगोर सापडत नव्हती. आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या जुन्या सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग तेव्हा जहाजावर चालू होता, आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता.

पुढे हे दुखणं ज्या संस्थेने अंगावर घेतलं, ती कोचीची ‘नेव्हल फिजिकल अँड ओशनोग्राफिक लॅबोरेटरी’, अर्थात एनपीओएल. १९५२ मध्ये नौदलाची छोटी भौतिकी प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली, १९५८ मध्ये डीआरडीओत आली. आज तिचा पसारा थ्रिक्काकरात आहे. क्षेपणास्त्र उडालं की टीव्हीवर दिसतं. इथलं यश म्हणजे पडद्यावरच्या गोंगाटातून वेगळी निघालेली एक पुसट रेघ. ती कोण दाखवणार?

खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं, त्यामुळे पाण्याखाली रडारचा उपयोग नाही. उरतो आवाज. समुद्रात तो सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पण सरळ जात नाही. पाणी गरम असेल तिथे त्याचा वेग जास्त, गार असेल तिथे कमी. आणि फार खोलवर दाबामुळे तो पुन्हा वाढतो. जिथे वेग कमी, तिकडे आवाज झुकतो. प्रकाश काचेत वाकतो तो नियम इथेही लागू आहे. आता मे महिन्यातली दुपार घ्या. वारा पडलेला, अरबी समुद्र वरून तापलेला. जहाजाने सोडलेली ध्वनिलहर थोडं अंतर जाते न जाते तोच खाली वळते, आणि पुढे एक असा पट्टा राहतो जिथे आवाज जवळजवळ पोहोचतच नाही. त्या सावलीत पाणबुडी बसली, की ठणठणीत यंत्रसुद्धा बहिरं.

१९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला याचा छळ झाला. सकाळी चोख चालणारं सोनार दुपारी ढेपाळायचं, आणि जेवणानंतर ऑपरेटर पेंगतो असा संशय घेतला जायचा म्हणे. गुन्हेगार निघालं उन्हाने तापलेलं पाणी. तेव्हापासून खोलीगणिक तापमान नोंदवणारं बॅथिथर्मोग्राफ पाणबुडीविरोधी जहाजांचं नित्याचं साहित्य झालं. थंड अटलांटिकसाठी घडवलेलं सोनार आपल्याकडे लंगडं का पडतं, त्याचंही कारण हेच. शिवाय मुंबईसमोर उथळ समुद्र सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला. तिथे आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आपटत राहतो आणि एका पाणबुडीचे दहा प्रतिध्वनी होतात.

या गोंधळातून खरा प्रतिध्वनी वेगळा काढायचा म्हणजे गणित आलं. ते नौदलाला ज्यांनी करून दिलं, ते आरोग्यस्वामी पॉलराज खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेले नौदल अधिकारी. आयआयटी दिल्लीत त्यांनी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएचडी केली, आणि खुकरीनंतर जुन्या सोनारमध्ये सुधारणा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मग एनपीओएलमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ हे पूर्ण देशी बनावटीचं सोनार तयार झालं आणि १९८३ मध्ये ‘आयएनएस हिमगिरी’वर चढलं. त्यानंतर ते स्टॅनफर्डला थॉमस कैलाथ यांच्याकडे गेले. कैलाथ जन्माने पुण्याचे, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. अनेक ध्वनिग्राहक ओळीत लावून आवाजाची दिशा ठरवायची, या विद्येत पॉलराज मुरलेले होते. पुढे अनेक अँटेना एकदम वापरण्याची ‘मायमो’ ही त्यांची कल्पना वायफाय आणि ४जीचा पाया ठरली. संरक्षण संशोधनाचा खर्च कशाला, असं विचारणाऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये त्याचं निदान एक उत्तर असतं.

अप्सोहच्या वंशातली ‘हम्सा’ सोनारं आज माझगाव डॉकच्या विनाशिकांवर आहेत. ‘उशस’ सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांसाठी बनलं. नवं उपकरण समुद्रात नेण्याआधी त्याची परीक्षा होते इडुक्कीच्या डोंगरातल्या कुळमावूला, धरणाच्या खोल, शांत जलाशयात. तिथल्या नव्या तरंगत्या मंचाचा एक भाग विंचने १०० मीटरपर्यंत खाली सोडता येतो. जहाजांची वर्दळ नाही, लाटांचा गोंगाट नाही. यंत्राचा स्वतःचा आवाज नेमका कसा आहे, हे तिथेच कळतं.

समुद्र मात्र जलाशयात मोजता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेकडे जुलै १९९४ पासून ‘आयएनएस सागरध्वनी’ हे संशोधन जहाज आहे. आणि इथे भौतिकी संपून कायदा सुरू होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायद्याचा करार लागू झाला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात परक्या देशाला शास्त्रीय संशोधन करायचं तर किनारी देशाची संमती लागते. पण शास्त्रीय संशोधन कशाला म्हणायचं, हे करारात कुठेही सांगितलेलं नाही. तापमानाची तीच नोंद मासळीच्या अभ्यासकाला हवी असते, मान्सूनच्या अभ्यासकाला हवी असते आणि पाणबुडीच्या कप्तानालाही.

अमेरिका म्हणते, लष्करी सर्वेक्षण हे संशोधन नव्हेच, त्याला कोणाची संमती नको. भारताने १९९५ मध्ये करार मंजूर करतानाच नोंदवलं की आमच्या संमतीशिवाय या क्षेत्रात लष्करी कवायती चालणार नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० सागरी मैलांवर मुद्दाम फिरून गेली आणि अमेरिकेने ते जाहीरही केलं. गंमत अशी, की अमेरिकेने हा करार अजून मंजूरच केलेला नाही. दुसरी गंमत जरा बोचरी आहे. २००९ मध्ये ‘इम्पेकेबल’ या अमेरिकी जहाजाची ओढती ध्वनिग्राहक तार हायनानजवळ चिनी नौकांनी आकडा टाकून अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा चीनचा युक्तिवाद आपल्याच भूमिकेच्या जवळचा होता. आणि २०१९ मध्ये अंदमानजवळच्या आपल्या क्षेत्रातून ‘शी यान १’ हे चिनी संशोधन जहाज आपल्या नौदलाने हुसकावलं, ते याच भूमिकेतून. कायद्याच्या या एका मुद्द्यावर दिल्ली बीजिंगच्या शेजारी बसते. मला तरी यात ढोंग दिसत नाही. आपल्या दारातलं पाणी कोणी मोजू नये असं दोघांना वाटतं, इतकंच.

चिनी संशोधन जहाजांच्या कोलंबोतल्या फेऱ्यांवरून इतका दबाव आला, की श्रीलंकेने २०२४ मध्ये परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदीच घातली. सागरध्वनीलाही दुसऱ्याच्या २०० मैलांत संमतीचा तोच नियम लागू आहे. म्हणून २०१९ पासून ‘सागर मैत्री’ मोहिमा निघाल्या, हिंदी महासागराकाठच्या देशांना भागीदार करून घेणाऱ्या. मार्ग निवडला तो १९६२ ते ६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतल्या ‘आयएनएस किस्तना’चा. त्याच मोहिमेतून १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली होती. सागरध्वनी आता तिशी ओलांडून गेली आहे. नव्या ध्वनिसंशोधन नौकेचं कंत्राट, जिने सागरध्वनी बांधली त्या कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीलाच मिळालं आहे.