हट्टी गॅसला हायड्रोजनची काडी



ऊसनोंदीला आलेल्या वालचंदनगर भागातल्या एका सभासदाने परवा विचारलं, "साहेब, प्रेसमडचा गॅस हायड्रोजन लावून बिनज्योतीचा जळतो म्हणे. आपल्या कारखान्याने तसलं यंत्र घ्यावं का?" प्रश्न रास्त आहे. पैसा आपल्या सर्वांच्या शेअर्सचा आहे.

चूल पेटवताना आपण एकदम बाभळीचं खोड पेटवत नाही. आधी पाचट, चिपाडं लावतो, मग त्या आचेवर लाकूड धरतं. इथेही तोच प्रकार आहे. प्रेसमड, स्पेंटवॉश किंवा शेण कुजून निघणाऱ्या गॅसात मुख्यतः मिथेन असतो. तो ज्योतीने जळतो खरा, पण ज्योतीची आच 1500 अंशांच्या वर गेली की हवेतल्या नायट्रोजनची प्राणवायूशी गाठ पडून घातक वायू तयार होतात. ते टाळायला मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या ठोकळ्यावर पॅलॅडियम, प्लॅटिनम अशा धातूंचा पातळ लेप देतात व त्यातून गॅस आणि हवा सोडतात. लेपावर गॅस ज्योतीशिवाय, कमी आचेवर जळतो. असा लेप म्हणजे उत्प्रेरक. तो जळण घडवतो, स्वतः जळत नाही.

मात्र लेप साधारण 300 ते 400 अंश तापल्याशिवाय मिथेन दाद देत नाही. हायड्रोजन थंड प्लॅटिनमवरही पेट घेतो. जर्मनीच्या डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाने 1823 सालीच असा दिवा पेटवून दाखवला होता, तेव्हा आजची घासून पेटणारी काडीही निघालेली नव्हती! म्हणून सुरुवातीला थोडा हायड्रोजन सोडायचा. लेप तापला, मिथेनने धरलं, की हायड्रोजन बंद.

आता अडचण बघा. आपल्या गॅसाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. नावात हायड्रोजन असला तरी गुण उलटा. त्यातलं गंधक लेपावर बसतं आणि महागडा लेप निकामी होतो. यंत्र विकायला कोणी आला तर गंधक कसं काढणार आणि लेप किती हंगाम टिकणार, हे आधी लेखी घ्यावं. बॉयलरच्या भुशाला तर ही युक्ती नकोच, राखेने छिद्रं बुजतील.

घरच्या गोबरगॅसला कुणी हायड्रोजन जोडू नये. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असेल तरच पेटतो, हायड्रोजन 4 पासून 75 टक्क्यांपर्यंत. शिवाय त्याची ज्योत दिवसा दिसत नाही.

तेव्हा तूर्त यंत्र नको, असं माझं मत आहे. गॅस काढून उरलेला प्रेसमड मात्र खोडव्याला चांगला. मागणी गट कार्यालयात नोंदवावी.

— ऊस विकास अधिकारी