गव्हाविना न्याहारी, तीही पोटभर

सकाळी सहा वाजले की आमच्या घरात तवा तापतो. पहिली भाकरी थोरल्या बंधूंच्या मुलीची. ती भाजून, झाकून बाजूला ठेवल्याशिवाय कणकेच्या डब्याचे झाकण उघडत नाही. पाहुणे हसतात. म्हणतात, "पोरीचं सोवळं आहे की काय?" सोवळे नाही, पण तितकेच कडक आहे. या पोरीला गहू चालत नाही. चपाती नाही, शिरा नाही, बिस्कीट नाही, कणकेची चिमूटसुद्धा नाही.

पाच वर्षांची होईपर्यंत पोर नुसती काडी. पोट फुगलेलं, जुलाब थांबायचे नाव नाही. कुणी जंताचे औषध दिले, कुणी दृष्ट काढली. रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, पण रक्त काही वाढेना. आणि आम्ही शहाणी माणसं काय करत होतो? पोरीला ताकद यावी म्हणून रोज सकाळी दुधात बिस्किटे कुस्करून देत होतो! शेवटी जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासले, दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला आणि रोगाचे नाव सांगितले : सिलिॲक.

पांढरी मुळी जळावी तसे

गहू, जव (म्हणजे सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन असते. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेले, की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्यातले बारीक तंतू झडून सपाट होतात. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पिकाची पांढरी मुळी जळाली, तर वरून खताची गोणी ओतून काय उपयोग? रोग संसर्गाचा नाही, त्यावर गोळी नाही. गहू जन्मभर बंद केला की मुळी पुन्हा फुटते, आतडे भरून येते.

हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली आहे. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. या रोगाचे मूळ गव्हात असावे असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुले उपासमारीने खंगली, पण या रोगाची मुले मात्र सुधारली. पुढे पाव परत आला आणि त्यांचा आजारही परतला. डिके यांनी 1950 मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला.

भाकरी थापतात का?

पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. असे का? गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असते, म्हणून ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारी-बाजरीत ते नाही, म्हणून गरम पाण्यात पीठ मळून हाताने थापावे लागते. जी खोड म्हणून नव्या सुना ज्वारीवर रुसतात, तीच या रोग्याची ढाल आहे.

पहिल्या दिवशी वहिनी रडल्या. "आता पोरीला सकाळी द्यायचं तरी काय?" आमच्या आईने शांतपणे विचारले, "आम्ही लहानपणी काय खात होतो गं? चपाती तर सणावारालाच होती."

मग आईनेच आठवडा लावून दिला. एक दिवस मालदांडीची गरम भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. एक दिवस शिळ्या भाकरीचा लसणाच्या फोडणीतला कुस्करा. कधी ज्वारीच्या कण्या आणि ताक, कधी नाचणीची आंबील. तांदळाची उकड, पोहे, चुरमुऱ्यांची सुशीला हे तर आहेतच. रविवारी आंबोळ्या. तांदूळ, उडीदडाळ, चार मेथीदाणे भिजवून घरीच वाटायचे, रात्रभर आंबवायचे आणि सकाळी जाळीदार आंबोळी काढायची. त्या दिवशी सगळे घर तिच्याच पंगतीला बसते. पोरीला कधी वाटत नाही, की आपले ताट वेगळे आहे.

सहा महिन्यांत जुने फ्रॉक आखूड झाले.

चोरवाटा ओळखा

पदार्थ अवघड नाहीत, अवघड आहे ती राखण. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो, धपाट्यात मूठभर कणीक पडते. रवा, शेवया, लापशी हे सगळे गहूच. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा असतो. ताकदीच्या पावडरीत जवाचा माल्ट असू शकतो. खपली पचायला हलकी म्हणून चालेल, असे बरेच जण सांगतात. चालत नाही, खपली हाही गहूच. विकतच्या पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. यावरून चिमूटभर कणकेची किंमत कळावी.

सर्वांत मोठी चोरवाट म्हणजे गिरणी. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली, की दगडात अडकलेले पीठ तिच्यात उतरते. गिरणी झाडूनही थोडे राहतेच. म्हणून आम्ही आईचे जाते पुन्हा मांडले. ज्यांना जमेल त्यांनी घरगुती चक्की घ्यावी आणि तिला गहू दाखवू नये. परात, चाळणी, तवाही वेगळा ठेवावा. मळणी यंत्रातून ज्वारीत गव्हाचे दाणे येतात, तेव्हा दळणाआधी धान्य निवडून घ्यावे.

गावाने काय करावे

अंगणवाडीताईंनी आणि आशाताईंनी एवढे ध्यानात ठेवावे : मुलाची वाढ खुंटली आहे, जुलाब वारंवार होतात, गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही, तर ही तपासणी करून घ्यायला सांगावे. दर वेळी लक्षणे इतकी उघड नसतात, जुलाब नसतानाही हा रोग असू शकतो. मात्र तपासणीआधी घरच्या घरी गहू बंद करू नये, नाहीतर तपासणीत रोग लपतो. एकाला निघाला तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करावी. अशा मुलाला शाळेत वाढदिवसाचे बिस्कीट "एकानं काय होतंय" म्हणून देऊ नये. होतं, म्हणून तर सांगतोय.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. भाषणे झाली, फलक लागले. आमच्या घरी मात्र ते वर्ष रोज सकाळी सहाला उजाडते. यंदाही चार एकरांपैकी एक एकर ज्वारी ठेवली आहे. भाव काय मिळेल, हे बंधूंनी विचारलेलेच नाही. ती ज्वारी विकायची नाही.