गळणार नाही, पण जळणारच नाही असं नाही

लिथियम-आयन बॅटरी पेटते तेव्हा तिच्यातलं मोठं इंधन असतं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कार्बोनेट द्रावकांत विरघळवलेला लिथियमचा क्षार. त्यांपैकी डायमिथाइल कार्बोनेटची वाफ १८ अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेते. दोन इलेक्ट्रोडांना वेगळं ठेवतो तो जेमतेम २० मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. २०१६ साली सॅमसंगच्या नोट ७ फोनमध्ये एका पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत कोपऱ्यातला इलेक्ट्रोड वाकलेला निघाला, दुसऱ्याच्या बॅटऱ्यांत वेल्डिंगची टोकं राहून गेली होती. तेवढ्याने शॉर्टसर्किट होऊन अख्खं मॉडेल बंद करावं लागलं. मनगटावर किंवा कपड्यात वापरायची बॅटरी तर रोजच वाकणार.

मग द्रव काढूनच टाकावा, हा विचार जुना आहे. पॉलिइथिलीन ऑक्साइड या घन पॉलिमरमध्ये लिथियमचे आयन वाहतात खरे, पण त्याच्या साखळ्या हलतील तेव्हाच. म्हणून साध्या तापमानाला वहन द्रवापेक्षा हजारो पटींनी कमी पडतं आणि बॅटरी ६० अंशांच्या वर तापवावी लागते. जेल हा यातला मधला मार्ग. खरवसात प्रथिनांच्या जाळीत पाणी अडकून राहावं, तसा पीव्हीडीएफ-एचएफपीसारख्या पॉलिमरच्या जाळीत इलेक्ट्रोलाइट धरून ठेवलेला असतो. वहन द्रवाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं मिळतं, पातळ थर दिला की ते पुरतं. कवच फाटलं तरी द्रव सांडत नाही आणि बॅटरी वाकली तरी इलेक्ट्रोडांशी संपर्क टिकतो.

आक्षेप असा की, जाळीत अडकला तरी द्रावक ज्वालाग्राहीच. आक्षेप रास्त आहे. बॅटरी फार तापली तर कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड स्वतःच ऑक्सिजन सोडतो, तिथे जेलचं काही चालत नाही. पाण्यावर आधारलेलं जेल, उदाहरणार्थ पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि आम्ल, पेटत नाही, पण १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचं विघटन सुरू होऊ शकतं. त्यामुळे त्यात ऊर्जा कमी मावते. लवचीक सुपरकपॅसिटरला ते चालतं, फोनला नाही. तरीही जेल निरुपयोगी ठरत नाही. अपघाताची सुरुवात अनेकदा गळतीने किंवा वाकण्याने होते आणि जेलचा उपयोग नेमका तिथेच आहे. बॅटरी तापून पेटू न देण्याची जबाबदारी कॅथोड, पडदा आणि नियंत्रक सर्किट यांनी उचलायची. म्हणून सुरक्षिततेचा दाखला जेलला नव्हे, संपूर्ण सेलला चाचणीनंतर द्यावा. शिवाय ‘लिथियम पॉलिमर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्यांत मऊ पाकिटातला साधा द्रवच असतो. खरेदी करताना त्या नावावर न जाता आयएस १६०४६ हे भारतीय मानक छापलेलं आहे का, ते पाहावं.