एकाच वाटेचा शीण

फ्रीगंजातील टावर चौकात, मनोऱ्याला वळसा घालून धावणारी मुले आम्ही भल्या पहाटे नेहमी पाहतो. त्यांतच आमच्या शाळेचा एक विद्यार्थी सैन्यभरतीसाठी रोज नेमाने धावत असे. पुढे त्याची झोप उडाली, नडग्या दुखू लागल्या, स्वभाव चिडका झाला. आम्ही त्यास आळशी ठरवून आणखी धावावयास लावले. महिन्याभरात त्याने धावणेच सोडले. चूक आमची होती.

रोज तेच स्नायू नि तीच हाडे शिणतात. त्यांची भरपाई विश्रांतीतच होते. खेळ बदलला की दमसास टिकतो, पायांना उसंत मिळते आणि मनाला हरवलेली गोडी सापडते. साताऱ्याकडील मोही गावच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळत. मॅरेथॉन गाजवून त्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्या.

उज्जैनकरांना तर दूर जावयास नको. पेशवाईतील बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब येथे रुजला. १९८१ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा येथेच भरली. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्यास राज्यखेळाचा मान दिला. धावण्यात उपेक्षित राहणारे खांदे, पाठ नि मनगटे त्यावर घडतात.

त्या मुलापाशी आम्ही चूक कबूल केली. नडग्या बऱ्या झाल्यावर आठवड्यातून दोन दिवस मल्लखांब, एक दिवस विश्रांती, उरलेले दिवस धावणे, असा क्रम ठरला. भरतीचे काय व्हायचे ते होवो. पहाटे चौकात तो आम्हांस हसून नमस्कार करतो.