तलावाचा पंप सारखा बंद पडतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात पोहण्याचे वर्ग ऐन भरात असताना आपल्या तरण तलावाची सफाई तीन वेळा अर्धवट राहिली. तळाचा गाळ ओढायला व्हॅक्यूम लावला की थोड्या वेळात पंप बंद. पुन्हा सुरू करावा, तर पुन्हा बंद. पालकांनी विचारणा केली, ती रास्तच होती. त्या दिवसांत पंपघरात उभे राहून आम्ही जे शिकलो, ते सर्व सभासदांसाठी येथे देत आहोत. घरच्या किंवा सोसायटीच्या पंपालाही यातले बरेच लागू पडते.

पंप उगाच बंद होत नाही. त्याच्या किंवा आपल्या रक्षणासाठी बसवलेले एखादे उपकरण त्याला थांबवते. म्हणून बटण पुन्हा दाबण्याआधी नेमके काय पडले आहे, ते पॅनेलवर पाहावे.

१. ड्राय-रनचा दिवा लागला असेल, तर पंपाला पाणी पुरत नाही. मुख्य स्विच बंद करून पंपापुढच्या गाळणीचे झाकण उघडा. आमच्या गाळणीत कडुनिंबाची पाने आणि मोहोर गच्च बसला होता. झाकणाची रबरी रिंग चिरली असेल, तर तिथूनही हवा शिरते; तलावात परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसले की हीच शंका घ्यावी. व्हॅक्यूमचा पाइप जोडण्याआधी तो पूर्ण पाण्याने भरून घ्यावा, नाहीतर पाइपातली सगळी हवा पंपात जाते. तलावाची पातळीही पाहावी. पंप कोरडा चालला, तर त्याचे सील तापून खराब होते.

२. पंप बराच वेळ चालून बंद पडला आणि गार झाल्यावर आपोआप सुरू झाला, तर मोटर तापते आहे. तिच्या पंख्याच्या जाळीवर धूळ साचली आहे का, पंपघराची खिडकी उघडी आहे का, ते पाहा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मोटर गार राहणार कशी? व्होल्टेजही तपासून घ्यावे. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील, तर तेवढेच काम करताना मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. सुरू होताना नुसती गुणगुणत असेल, तर कंडेन्सर गेलेला असू शकतो. कर्कश आवाज येत असेल, तर बेअरिंग.

पंप चालू असून सफाईच नीट होत नसेल, तर फिल्टरचा प्रेशर गेज पाहा. स्वच्छ फिल्टरच्या वेळच्या आकड्यापेक्षा काटा ८ ते १० पीएसआय वर गेला, की बॅकवॉश करावा. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायला मात्र विसरू नये.

३. आरसीसीबी पडला असेल, तर थांबा. वीज कुठेतरी गळते आहे, असा त्याचा अर्थ. माणसाच्या रक्षणासाठी बसवलेला आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीलाही वीज तोडतो. सर्वांना पाण्याबाहेर काढा, तलाव बंद ठेवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

आमच्याकडे तिसऱ्या वेळी हेच झाले. वर्ग बुडू नयेत म्हणून एकाने सुचवले, "हा काढून थेट जोडून देतो, मग पंप बंद पडणार नाही." खरे होते, पंप बंद पडला नसता. पण सील झिजून पाणी मोटरमध्ये उतरत होते आणि तलावात उतरणार होती आपलीच मुले. आम्ही नकार दिला, चार दिवस वर्ग बंद ठेवले आणि सील बदलून, मोटर उघडून वाळवून घेतली. तेव्हा काही पालक नाराज झाले होते. त्यांना कारण वेळीच सांगायला हवे होते, ही आमची चूक.

आता पंपघरात एक वही ठेवली आहे. पंप बंद पडला तर तारीख, वेळ, किती मिनिटे चालला आणि पॅनेलवर काय पडले, एवढे तिच्यात लिहावे. दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम त्यातच होते. आरसीसीबीच्या चाचणीचे बटणही दर महिन्याला दाबून पाहतो. ते दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. गेली नाही, तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरायचे नाही.