फासळीचा फास!

भिलाई म्हणजे पोलाद, रेल्वेचे रूळ आणि 1959 साली सुरू झालेली पहिली धमनभट्टी! पण इथल्या जुनवानीत मेडिकल कॉलेजही आहे. म्हणून आज लोखंडाला सुट्टी, गप्पा हाडांच्या.

माहीत आहे का? आपल्या बरगड्या 24. पण शंभरात जेमतेम एखाद्याला मिळते 'बोनस' बरगडी, थेट मानेत! नाव सर्व्हायकल रिब. मुलींमध्ये जास्त.

जिराफाच्या मानेत मणके किती? 7. उंदराच्या? तेही 7. आपलेही 7! त्या सातव्यालाच हा फाटा फुटतो. उत्तर समुद्रातून मिळालेल्या मॅमथच्या हाडांमध्ये तर त्याच्या खुणा आजच्या हत्तींपेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. मानलं!

बहुतेकांना ही पाहुणी आयुष्यभर कळतही नाही. पण कधी कधी वयात येताना उंची झरझर वाढते, खांदे उतरतात आणि हाताकडे जाणारी नस त्या हाडावर ताणली जाते. मग करंगळीला मुंग्या, हातातून निसटणारं पेन, न लागणारं शर्टाचं बटण. आईबाबा, प्लीज, 'मोबाइल कमी कर' म्हणून विषय संपवू नका. डॉक्टरांना दाखवा, मानेचा एक्स-रे होऊ द्या. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा एकदा खपाटीला गेला की सहसा पूर्ण भरून येत नाही.

हँड्स अप! हात वर, कोपर काटकोनात, 3 मिनिटं मुठी उघड-मीट. ही डॉक्टरांची रूस टेस्ट. हात लवकर गळाला, मुंग्या आल्या तर शंका बळावते. निदान मात्र त्यांनाच करू द्या.

माहीत आहे का? लंडनच्या होम्स कूट यांनी अशी जादा बरगडी 1861 मध्ये काढली. एक्स-रेचा शोध 1895 चा. म्हणजे फोटोच्या 34 वर्षं आधी ऑपरेशन!

आज आधी फिजिओथेरपी. तिने भागलं नाही किंवा हात बारीक होऊ लागला तर सर्जरी. एक वाट गळपट्टीच्या हाडावरच्या छोट्या छेदातून. समोरच्या स्नायूवरून श्वासाचा पडदा हलवणारी फ्रेनिक नर्व्ह जाते, ती हळूच बाजूला. स्नायू कापायचा, हाताच्या नसा अलगद सरकवायच्या आणि बरगडी तुकड्या-तुकड्याने कुरतडून काढायची. खाली लगेच फुप्फुसाचं आवरण! त्याला भोक पडलंय का? जखमेत सलाइन भरायचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फुप्फुस फुगवायचं आणि सगळ्यांनी बघत राहायचं. बुडबुडा नाही? चला, टाके घाला!